दाराशी कोण झोपतं?

गेल्या वर्षी एका कॉलेजात चर्चासत्र होतं. विषय ठरलेला : दलित आत्मकथनं, काल आणि आज. मला बोलावणं नव्हतं. मी आपली मागच्या रांगेत जाऊन बसले. चहा चांगला होता, भाषणं चहापेक्षा लांब होती.

एक प्राध्यापक बोलले. त्यांचं म्हणणं असं की या लेखनाचा झरा आता आटला. तीच उपासमार, तोच अपमान, तीच मारहाण. वाचकाला पुढच्या पानावर काय येणार हे आधीच ठाऊक असतं. त्यांच्यानंतर आपल्यातलाच एक तरुण कवी उठला. त्याला प्राध्यापकांचं खोडून काढायचं होतं, पण खोडता खोडता तो भलतीकडेच गेला. म्हणाला, आपल्या काही पुस्तकांत आग आहे, काहींत नाही. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' त्याला कोमट वाटलं. आषाढातले सणवार, देवदेव, बायाबापड्यांच्या गोष्टी, यात विद्रोह कुठाय?

मी उठून काहीच बोलले नाही. माझं हे जुनं दुखणं आहे, उत्तर घरी आल्यावर सुचतं. पण त्या रात्री फळीवरची पुस्तकं खाली काढली आणि ठरवलं, आता ही सगळी एकदा निराळ्या डोळ्यानं वाचायची. विद्रोह शोधायचा नाही, करुणा शोधायची नाही, भाषेचं सौंदर्यबिंदर्य तर नाहीच. प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारायचा : रात्र झाली की हा माणूस झोपतो कुठं? त्याच्या दाराला कडी आहे का? आणि दाराशी कोण झोपतं?

हा प्रश्न मला का पडला ते सांगितलं पाहिजे, नाहीतर समीक्षेत हे कुठलं बायकी खूळ असं कुणीतरी म्हणेल.

१९७८ साली मी नऊ वर्षांची होते. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पोचिराम कांबळे माहीत आहेत. जळलेल्या वस्त्या माहीत आहेत. आमच्या गावात मात्र एकही घर जळलं नाही. कुणाला काठी बसली नाही. म्हणून आमच्या गावाचं नाव कुठल्या अहवालात नाही, कुठल्या कवितेत नाही. पण आमची सगळी वस्ती सतरा रात्री घरात झोपली नाही. दिवस मावळला की बाया पोरं घेऊन रानात जायच्या. कमरेएवढी हायब्रीड उभी होती, तिच्यात. वरून पाऊस. पोत्याच्या खोळी करून डोक्यावर घ्यायच्या आणि चिखलात बसायचं. धाकट्याला खोकला झाला होता. तो खोकायला लागला की माय त्याच्या तोंडावर पदराचा बोळा धरायची. मी विचारायचे, माय, झोपू का? ती म्हणायची, "झोप बाई, म्या जागी हाय." तिच्या मांडीखाली विळा असायचा.

अठराव्या दिवशी घरी आलो. काहीच झालं नव्हतं. कोंबड्या सुद्धा जागच्या जागी होत्या.

तर माझा प्रश्न असा आहे की, त्या सतरा रात्रींना आपल्या समीक्षेत जागा कुठं आहे? आपण घटना मोजतो. मारलं, जाळलं, नासवलं — याची नोंद होते. जे झालं नाही पण होईल म्हणून माणूस ज्याच्या धाकात जगतो, त्याची नोंद कोण ठेवणार? माझी माय आज ऐंशीच्या पुढे आहे. पक्क्या घरात राहते, लोखंडी जाळीचं दार आहे. अजून ती दाराशीच अंथरूण टाकते. आतल्या खोलीत पलंग आहे, त्याच्यावर घड्या केलेल्या गोधड्या झोपतात.

'सुरक्षितता' हा शब्द मला सरकारी वाटतो. तो पोलीस ठाण्याच्या पाटीवर असतो. आमच्या बाया म्हणतात 'बिनघोर'. बिनघोर झोप लागली, बिनघोर जेवलो. घोर म्हणजे काय ते ज्याला लागला त्यालाच कळतं. आपलं सगळं साहित्य मला या एका शब्दाच्या मागं पळताना दिसतं आणि समीक्षक बघतात ती पळणाऱ्याची फक्त आरोळी.

आधी गावगाड्याचंच घ्या. गावाला कूस असायची, म्हणजे भिंत. कशासाठी? चोर, दरोडेखोर, पेंढारी, जनावर यांच्यापासून गाव सांभाळायला. त्या भिंतीला वेस. वेशीवर रात्रभर जागायचं कुणी? वेसकरानं. वेसकर कोण? महार. आता बघा हं, सगळ्या गावाला बिनघोर झोपवणारा माणूस आणि त्याचं स्वतःचं घर त्या भिंतीच्या बाहेर! त्याची बायकापोरं बाहेर. दरोडा आला तर पहिला कुणाच्या दारात येणार? 'गावकुसाबाहेर' हा शब्द आपण इतक्या वेळा वापरला की तो गुळगुळीत झाला. भाषणात टाळ्या घेतो, अर्थ कुणी बघत नाही. त्यात अपमान तर आहेच, पण आधी धोका आहे. ज्याला भिंतीबाहेर ठेवला त्याच्या जिवाची जबाबदारी गावाची नाही, एवढं ती भिंत रोज सांगत उभी असायची. १९५८ च्या कायद्यानं महारकीचं वतन गेलं. बहुतेक गावांतली कुसंही पडली. वस्ती मात्र अजून त्याच अंगाला आहे.

अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ ची. फकिरा म्हटलं की सगळ्यांना घोडा आणि तलवार दिसते. वीर, बंडखोर, क्रांतिकारक. मी परत वाचली तेव्हा मला दुसरंच दिसलं. राणोजी जोगणी आणायला जातो ती कुणासाठी? गावासाठी. त्यात मरतो तो. जोगणी गावात राहिली की गावाचं बरं होणार, आणि ज्याच्या मरणानं ती आली त्याच्या वाड्याला पुढं हजेरी लागणार. रोज हजेरी, माणूस आपल्या घरी आहे की नाही हे सरकारला दाखवायचं. फकिरा लुटतो तो धान्य आणि खजिना, दुष्काळात मरणाऱ्या माणसांसाठी. आणि शेवटी हाती लागतो तोही लढाईत हरून नव्हे. माणसं कोंडून ठेवलीत, त्यांच्या जिवाला धोका आहे, म्हणून स्वतः चालत जातो. या कादंबरीचा कणा सूड आहे असं म्हणणारे आहेत. मला तिचा कणा माणसं वाचवणं हा वाटतो. बंड हे त्याचं हत्यार. अण्णा भाऊंनी हे इतकं सरळ लिहिलंय की आपल्याला दिसूच नये याचं नवल वाटतं.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ ची. कथेतला तरुण उधन्याला रेल्वेत नोकरीला जातो. स्वतंत्र देश, नवी नोकरी, छाती भरून आलेली. नोकरी मिळते, खोली मिळायची मारामार. जात विचारली की तो सरळ सांगत नाही, आणि खोली मिळते. पुढे कळतं. मग मार. मुंबईचा काशीनाथ मधे पडतो म्हणून जीव वाचतो. ही कथा शिकवताना सगळे शेवटावर बोट ठेवतात, मार खाल्लेल्या तरुणाच्या तोंडच्या शेवटच्या वाक्यावर. ते वाक्य मोठं आहे, वाद नाही. पण मी म्हणते, शेवटच्या आधीचे दिवस वाचा. भाड्याच्या खोलीत पाहुण्यासारखं राहणं. समोरचा हसला तरी पोटात गोळा. मान मिळतोय तोही चोरीचा. मार तर एकदाच बसतो, पण मार बसेल हे रोज बसतं. बागुलांनी कथेच्या नावात 'चोरली' हा शब्द घातला. चोराला झोप कशी लागते हे त्यांना माहीत होतं.

मी स्वतः १९९४ साली नोकरीसाठी एका शहरात खोली शोधत फिरले. त्याच वर्षी जानेवारीत नामविस्तार झालेला. सोळा वर्षांनी काहीतरी मिटलं असं वाटत होतं. एका बाईंनी खोली दाखवली, नळ दाखवला, तुळस दाखवली आणि मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी म्हणाले नव्हतेच. सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाचा येणारे हो राहायला, विसरलेच होते." तो भाचा मला त्या शहरात सात घरांत भेटला. आठव्या घरी मी माझ्या नवऱ्याच्या गावाचं नाव आडनाव म्हणून सांगितलं. दोन वर्षं राहिले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला नाही. पेटीत कपड्यांच्या घडीत ठेवला होता. चौदा एप्रिलला दार लावून बाहेर काढायचे. मला कुणी मारलं नाही, घरमालकीण तर माझ्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन आली. ते लाडू मी खाल्ले. ते खाताना जे वाटलं ते बागुल वाचल्याशिवाय मला कधी सांगता आलं नसतं.

आता बाबासाहेबांचंच लिखाण घेते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांची छोटी पुस्तिका. १९३५-३६ च्या सुमाराला लिहिलेली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली छापली. आपल्याकडं हिचा उल्लेख भाषणात होतो, साहित्य म्हणून कुणी वाचत नाही. मला विचाराल तर आपल्या सगळ्या आत्मकथनांची ही आजी आहे. इंग्रजीत लिहिलेली असली तरी आजीच. आणि हिचा विषय काय? मुक्काम. राहायला जागा. पाणी आणि वाहन.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेला माणूस बडोद्याला नोकरीवर जातो. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न : जायचं कुठं? हिंदूंच्या हॉटेलात घेणार नाहीत. पारशी सराय सापडते, पण तिथं पारशीच राहू शकतो. मग पारशी नाव घेऊन राहायचं ठरतं. वरच्या मजल्यावर खोली. शेजारी मोठं दालन, अडगळीनं भरलेलं. वीज नाही. रखवालदार एक छोटा कंदील आणून देतो, त्याचा उजेड वीतभर. अंधारात वटवाघळं. दुसरं माणूस नाही. त्या उजेडात तो पुस्तक वाचत बसतो, कारण वाचलं की आपण कुठं आहोत ते विसरता येतं. स्वतःची समजूत घालतो की अंधारकोठडी असली तरी आसरा आहे. मुंबईहून भाचा उरलेलं सामान घेऊन येतो आणि मामाला कुठं राहावं लागतंय ते बघून मोठ्यानं रडतो. त्याला लगेच परत पाठवावं लागतं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून येतात.

त्यानंतरचं मला जास्त लागतं. बडोद्यात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडे विचारणा होते. एक म्हणतो, तुम्ही घरी आलात तर नोकर निघून जातील. दुसरा म्हणतो, बायको आली की विचारून सांगतो, आणि विचारण्यात काय ते कळतं. काठीवाल्यांशी निदान बोलणं सरळ होतं. मग मुंबईच्या गाडीला पाच तास आहेत, ते तास कामाठी बागेत बसून काढायचे. उघड्या बागेत. कारण सगळ्या शहरात छप्पर असलेली एक जागा नाही.

ही पुस्तिका मी मायला वाचून दाखवली, मराठीत करून सांगत सांगत. वटवाघळांपाशी ती थांबली. म्हणाली, "मंग त्या अकरा राती बाबासायेब झोपले कवा?"

एवढ्या चर्चासत्रांत हा प्रश्न मी कुणा प्राध्यापकाच्या तोंडून ऐकला नाही. जिनं सतरा रात्री काढल्या ती अकरा रात्री मोजते. याला मी समीक्षा म्हणते.

त्याच पुस्तिकेत चाळीसगावचं प्रकरण आहे, १९२९ चं. वस्तीतल्या लोकांना वाटतं बाबासाहेबांना पायी कसं न्यायचं, टांग्यातूनच न्यायला पाहिजे. टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाहीत. टांगा मिळतो, हाकणारा नाही. मग वस्तीतलाच एक माणूस हाकायला बसतो, ज्यानं जन्मात टांगा हाकलेला नाही. पुलावर चाक अडकतं, बाबासाहेब खाली दगडावर आदळतात, पाय मोडतो. बाबासाहेबांनी स्वतः हिशेब मांडलाय की लोकांनी माझा मान राखायला माझा जीव धोक्यात घातला. त्यात राग नाही, माया आहे. पण प्रश्न मोठा आहे. मान आणि जीव, दोन्ही एकदम राखता येत नाहीत अशा जागी आपल्याला आणून ठेवलंय. मान राखावा तर जीव जातो, जीव राखावा तर आडनाव लपवावं लागतं. आपले काही जहाल मित्र आडनाव बदलणाऱ्यांची टिंगल करतात. लपलेले, पळपुटे, पांढरपेशे झालेले. मी ती टिंगल ऐकून घेते. पण टिंगल करणाऱ्यांपैकी किती जणांनी बाळंतीण बायको घेऊन खोली शोधलीय, तेही एकदा सांगावं.

लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७) वाचताना माझा दाराचा प्रश्नच मोडून पडला. कैकाड्यांचं घर गाढवाच्या पाठीवर. दारच नाही तर कडी कशाची? गाढवं सोडली, पालं टाकली की झालं घर, तेही गावानं राहू दिलं तर. उचल्यांच्या घराला भिंत आहे, पण तिथं रात्री येतो तो पोलीस. सगळ्या जगाला धोका वाटला की माणूस ज्याला हाक मारतो, तोच यांचा धोका. १८७१ च्या कायद्यानं आईच्या पोटातल्या पोराला गुन्हेगार ठरवलं. १९५२ च्या ऑगस्टमधे तो कायदा गेला म्हणतात. गायकवाडांचं पुस्तक वाचल्यावर तो कुठं गेला ते कळतं : कागदावरून उतरून फौजदाराच्या डोक्यात जाऊन बसला. यावर जास्त लिहायचा अधिकार त्या वस्त्यांतल्या लिहिणाऱ्यांचा आहे, मी पुढं जाते.

'बलुतं' (१९७८) आलं तेव्हा आपल्याच माणसांनी दया पवारांना बोल लावला, की घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला धुतली? मला त्यातला कावाखाना आवडतो. आवडतो म्हटल्यावर कुणी दचकू नये. मुंबईच्या त्या कोंडवाड्यात पोटभाडेकरूंचे पोटभाडेकरू, माणसावर माणूस, शेजारी बदनाम गल्ल्या. घाण, दारू, भांडणं. पण त्या गर्दीत एक ऊब आहे. रात्री कुणी ओरडलं तर वीस माणसं जागी होतील. गावच्या महारवाड्यातला पोरगा इथं येऊन त्या गर्दीच्या कुशीत शिरतो. पवारांनी ते सजवलं नाही की नाक मुरडलं नाही. गरिबांची सुरक्षितता भिंतीत नसते, शेजारात असते, हे त्या पानांत न सांगता येतं. पुढं वस्त्या उठवून माणसं लांब लांबच्या सात-सात मजली इमारतींत टाकली, तिथं दार आलं, कडी आली, पण कावाखान्यातला शेजार राहिला खाली. यावर कुणीतरी नवं लिहायला हवं.

त्याच पुस्तकात सई आहे. दगडूची बायको. ज्याच्यावर जगानं कायम संशय घेतला तो माणूस घरात येऊन बायकोवर संशय घेतो. आणि तिला टाकतो. पवारांनी हे लपवलं नाही, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. पण मानून झाल्यावर मी पुन्हा ती पानं वाचते तेव्हा मला सईची रात्र दिसत नाही. ती कुठं झोपत होती पुढं? तिच्या दाराशी कोण होतं? पुस्तक दगडूबरोबर निघून जातं. आपली बरीचशी पुस्तकं अशी निघून जातात. पुरुषांच्या आत्मकथनांत आई असते ती डोंगराएवढी, बायको असते ती ओळीपुरती.

म्हणूनच त्या तरुण कवीनं 'जिणं आमुचं'ला कोमट म्हटलं ते मला झोंबलं. मी म्हणते, बाबा रे, तू ते पुस्तक बाहेरच्या दारातून वाचलंस. बेबीताई तुला आतल्या दारातून नेतात. वीरगावच्या महारवाड्यातली आठ-नऊ वर्षांची सून. रात्र सरायच्या आत दळायला उठवलेली. जातं ओढताना डुलकी लागली तर सासूचा बोल. तिला कुणी सांगितलेलं नाही बिनघोर म्हणजे काय. सहन होईना की ती पोर रात्री पळते, रानातून, अंधारात, माहेरच्या दिशेनं. आणि माहेर काय करतं? बाप-भाऊ मारत मारत परत आणून घालतात. मग तिच्या पायात खोडा. जड लाकडाचा ओंडका, भोक पाडून पायात अडकवलेला. तो ओढत तिनं घरकाम करायचं, पाय रक्तबंबाळ. आणि त्याच्याहून पलीकडचं, सुनेचं नाक कापणं. नवऱ्यानं, घरच्यांनी, संशयावरून.

आता सांगा, हे कोमट आहे? गावानं महारवाड्याला भिंतीबाहेर ठेवलं, आणि महारवाड्यानं सुनेच्या पायात लाकूड अडकवलं. हे लिहायला जेवढी छाती लागते तेवढी सवर्णांना शिव्या द्यायला लागत नाही. शिव्या दिल्या की आपली माणसं टाळ्या वाजवतात. हे लिहिलं की आपलीच माणसं तोंड फिरवतात. सणवाराची जी पानं कवीला फालतू वाटली, ती नीट वाचली तर दिसतं की त्या सुनांना वर्षातून तेवढेच चार दिवस मोकळे. आषाढात अंगात आलेल्या बाईला सासू बोलू शकत नाही. अंगात येणं ही सुद्धा थोडा वेळ का होईना एक कडी लागलेली खोली होती. बेबीताई त्या देवदेवाची भरपूर खिल्ली उडवतात, पण त्या बाईची उडवत नाहीत. हा फरक विद्रोहाच्या फूटपट्टीत मावत नाही.

आणखी एक गोष्ट. हे लेखन आधी १९८२ साली 'स्त्री' मासिकात आलं, पुस्तक १९८६ चं. पण ते लिहिलं गेलं होतं त्याच्या कितीतरी आधी. फलटणला बेबीताईंचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. दुकानात बसून लिहायच्या. आणि लिहिलेलं लपवून ठेवायच्या. कुणापासून? जातिवाद्यांपासून नव्हे. घरच्यांपासून, नवऱ्यापासून. वर्षानुवर्षं. २००८ साली माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला, त्याला जोडलेल्या मुलाखतीत त्या हे सांगतात. नवरा संशयानं मारायचा हेही तिथं सांगतात. पुस्तकात स्वतःच्या संसाराचं ते दुखणं नाही. 'जिणं आमुचं' म्हणजे आमचं सगळ्यांचं. स्वतःचं मात्र मागं ठेवलं.

याला कुणी अपुरेपणा म्हणेल. मी म्हटलंही असतं पंचवीस वर्षांपूर्वी. आत्मकथन म्हणजे सगळं उघडं करणं, असा तेव्हा माझाही हट्ट होता. आता मला वाटतं, लिहिणाऱ्या बाईला कागद लपवायला कोपरा शोधावा लागतो हे जोवर आपण पुस्तकाचाच भाग म्हणून वाचत नाही, तोवर आपण ते पुस्तक वाचलंच नाही. कुठलं सांगायचं, कुठलं झाकायचं, हे तिनं जिवाचा अंदाज घेऊन ठरवलं. वस्तीची इज्जत की स्वतःचा जीव की सत्य, या तिघांच्या मधे बसून ती लिहीत होती. चाळीसगावचा टांगाच तो, फक्त घरातला.

शरणकुमार लिंबाळ्यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राचं पुस्तक १९९६ साली लिहिलं. स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता ही मूल्यं आपल्या साहित्याची कसोटी आहेत असा त्यांचा मुद्दा आहे, आणि तो मला मान्य आहे. माझी भर एवढीच की या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे भीती न वाटता डोळे मिटता येणं. समता मिळाल्यावर झोप लागेल हे खरं, पण झोपच न मिळालेला माणूस समतेसाठी उभा तरी किती वेळ राहणार? घाबरणं हे आपल्या चळवळीत लाजेचं झालं. पँथरच्या काळानंतर तर फारच. वाघाला भीती कशी वाटेल? म्हणून आपल्या कवितेत डरकाळी भरपूर आणि पोटातला गोळा कमी. जो लिहितो तो 'मवाळ' ठरतो. खैरलांजीनंतर, २००६ साली, कितीतरी कविता आल्या. बहुतेकांत आग होती, मशाल होती. त्या संध्याकाळी घरात चूल पेटलेली असेल, बाहेर आवाज वाढत चालला असेल, आतली माणसं एकमेकांकडं बघत असतील, ते लिहायला कुणी धजलं नाही. मीही नाही.

प्राध्यापकांच्या आक्षेपालाही उत्तर देऊन टाकते. तेच ते येतं म्हणता? हो, येतं. रात्री दर तासाला उठून कडी बघणारा माणूस तीच कडी बघतो. त्याला तुम्ही म्हणणार, पुनरावृत्ती टाळा. तुमच्या दारावर अजून कुणी काठी आपटली नाही म्हणून तुम्हाला पुढचं पान आधीच ठाऊक आहे असं वाटतं. ज्याच्या दारावर आपटली त्याला ते कधीच ठाऊक नसतं.

हे वाचन मी अजून पुरं केलेलं नाही. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) आणि शांताबाई कांबळ्यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) बाकी आहेत, त्यांवर पुढच्या अंकात लिहीन, संपादकांनी जागा दिली तर. वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी पूर्वी दाराशी कोण झोपायचं आणि आता कोण झोपतं, तेवढं एका कार्डावर लिहून अंकाच्या पत्त्यावर पाठवा. कारण लिहायची गरज नाही. नाव लिहिलं नाही तरी चालेल.